तीन अधिकारी आणि एक प्रश्न

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी बेळगावातील एका महाविद्यालयात वृत्तपत्रविद्येचा अभ्यास करते. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर ती आमच्याकडे आली व म्हणाली, "फादर, शुक्रवारी आमच्या वर्गात लष्करातले तीन अधिकारी बोलायला येणार आहेत. आपली नोकरी, आपला अभ्यास, संशोधन, असं सारं सांगणार आहेत. तुम्ही याल का?" वृत्तपत्रविद्येशी आमचा संबंध या साप्ताहिकास अधूनमधून चार ओळी धाडण्यापुरता. तरीही तिने आम्हांसच का बोलावले हे आम्हांस पुरते ठाऊक होते, आणि म्हणूनच नाही म्हणवेना. ते कारण पुढे येईलच.

बेळगाव हे शिपायांचे शहर. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र येथे आहे, सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे. ज्या रेजिमेंटची पहिली पलटण १७६८ साली उभी राहिली, तिचे रंगरूट भल्या पहाटे रस्त्याने धावताना दिसले की बाजारास आलेला आमचा शेतकरीही क्षणभर बैलगाडी थांबवून पाहात असे. आता बैलगाड्या राहिल्या नाहीत, रंगरूट मात्र आहेत. आमच्या बाजूला ज्या गावचा एकही मुलगा फौजेत नाही असे गाव विरळा.

वर्गात चाळीसएक मुले होती. आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो. प्रथम हवाई दलाचे अधिकारी बोलले. पण पावसाने पत्र्याच्या छपरावर असा ताशा लावला होता की त्यांचे निम्मे भाषण आम्हांस कळले नाही, आणि उरलेले निम्मे यंत्रांविषयी होते.

मग एक निवृत्त कर्नल उठले. नोकरी संपल्यावर त्यांनी इतिहास-संशोधनाचा नाद लावून घेतला आहे. ते म्हणाले, "मुलांनो, लढाईचा पहिला बातमीदार वर्तमानपत्राचा नसतो. प्रत्येक पलटणीची एक युद्धरोजनिशी असते. तारीख, ठिकाण, वेळ आणि काय घडले ते, एवढेच तीत असते. विशेषणे नसतात." उदाहरण म्हणून त्यांनी नाईक यशवंत घाडगे यांची कथा सांगितली. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतील त्यांच्यावाचून सारे मेले अथवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले, हातबॉम्बने त्यांनी ती तोफ बंद पाडली; बंदुकीत नव्या गोळ्या भरण्यास उसंत नव्हती तेव्हा तीच उलटी धरून उरलेल्या दोघांवर घाव घातले, आणि शेवटी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. वय बावीस वर्षे. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. ज्यांची कबर ठाऊक नाही अशांची नावे कोरलेल्या कासिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे. गाव मात्र कुलाब्यातल्या माणगाव तालुक्यातले. "कागदावर चार ओळी," कर्नल म्हणाले, "आणि त्या चार ओळींच्या पलीकडे कोकणातले एक घर. संशोधन म्हणजे त्या ओळींपासून त्या घरापर्यंत चालत जाणे."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती आम्हांस फार विलक्षण वाटली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे सरकार उघडून वाचत असे. पत्रे तपासणाऱ्यांनी त्यांतले उतारे इंग्रजीत भाषांतरून वरिष्ठांकडे पाठवले, आणि ते अहवाल लंडनमध्ये जपून राहिले. मूळ पत्रे खेड्यापाड्यांतल्या फडताळांत वाळवीने खाल्ली. पण थंडी, चिखल, घरच्या म्हशीची चौकशी आणि मरणाचे भय हे सारे त्या अहवालांतून आजही वाचावयास मिळते. ज्याने पत्र फोडले त्यानेच ते राखले! मुले हसली. कर्नल हसले नाहीत.

एका विद्यार्थ्याने विचारले, "अधिकाऱ्यांना खरं काय ते मोकळेपणानं बोलता येतं का?" प्रश्न धीट होता. कर्नलनी उत्तर टाळले नाही. १९५० चा लष्कर कायदा व १९५४ चे नियम यांनुसार सेवेतील माणसास राजकीय प्रश्नावर अथवा सैन्याच्या बाबींवर परवानगीवाचून वृत्तपत्राशी बोलता येत नाही, असे ते म्हणाले. १९९२ साली, गोव्याच्या वंशाचे व आपल्याच समाजाचे जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज लष्करप्रमुख असताना त्यांनी एका इंग्रजी दैनिकास मुलाखत दिली. तीत देशाचा कारभार नीट चालणे हा लष्कराच्याही काळजीचा विषय आहे अशा अर्थाचे ते बोलले, तो केवढा गदारोळ संसदेत झाला! सेनेने राज्यकारभारावर बोलू नये हा दंडक लोकशाहीत योग्यच आहे, हे कर्नलनी स्वच्छ सांगितले.

परंतु दुसरी बाजूही त्यांनी लपवली नाही. लेफ्टनंट जनरल थोरात हे कोल्हापूरकडचे. पूर्व विभागाचे प्रमुख असताना १९६० साली लखनौस त्यांनी नकाशांवर एक युद्धसराव घेतला, आणि चीन चालून आला तर आपली ठाणी कशी ढासळतील ते वरिष्ठांपुढे मांडले. १९६१ साली ते निवृत्त झाले. १९६२ साली काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. त्या पराभवाच्या चौकशीचा जो अहवाल १९६३ साली दोन अधिकाऱ्यांनी सादर केला, तो सरकारने अद्याप प्रसिद्ध केलेला नाही.

आम्ही धर्मगुरू आहोत. कुमसारात ऐकलेले प्राण गेला तरी बाहेर पडू द्यायचे नाही हे आम्हांस सेमिनरीत शिकवले, म्हणून मौनाचे मोल आम्ही जाणतो. पण एखाद्या जीवाचे रक्षण करणारे मौन निराळे आणि खुर्चीचे रक्षण करणारे निराळे. साठ वर्षांहून अधिक काळ झाकून ठेवलेला अहवाल पहिल्या जातीचा आहे असे आमच्याने म्हणवत नाही.

शेवटी एक मेजर बोलले. तरुण माणूस, आवाज हळू. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाऊसवर हेलिकॉप्टरमधून दोरांवरून कमांडो उतरत होते, आणि ते दृश्य घडत असतानाच दूरचित्रवाणीवर देशभर दिसत होते. जे घरात बसून आपण पाहात होतो ते शत्रूचे सूत्रधारही पाहात होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले, आणि २०१५ साली नियम झाला की अशी कारवाई चालू असता थेट चित्रण दाखवायचे नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देईल तेवढीच द्यायची. नंतर मेजर म्हणाले, "जवान कामी आला तर त्याचे नाव आधी त्याच्या घरी कळले पाहिजे. मग जगाला."

तेव्हा आमची मुलगी उभी राहिली.

"सर, चार वर्षांपूर्वी माझा भाऊ गेल्याची बातमी आम्हाला टीव्हीवरून कळली. माझा भाऊ जिवंत आहे. ती बातमी ज्याची होती, त्याच्या आईला तुमचा माणूस पोचण्याआधी कळली, की नंतर?"

वर्गात कोणी हालले नाही. आम्ही मान खाली घातली.

वाचकहो, त्या दिवशी काय झाले ते सांगणे आता भाग आहे. आगमनकाळाचे दिवस, भाताची सुगी चाललेली. एका वाहिनीवर सीमेवरील चकमकीची बातमी आली. जिल्हा आपला, आडनाव या मुलीच्या घरचे. एक जण मोबाईल हातात घेऊन धावत आमच्या दारात आला. आम्ही कोणास विचारले नाही, कोठे फोन केला नाही. घंटेच्या पोरास सांगितले, मरणघंटा वाजव. ती माउली शेतात कापणी करीत होती. तिने घंटा ऐकली, विळा थांबवला, आणि बांधावरच्या बायकांना विचारले, "कोण गेलं गं?" कोणी बोलेना, त्यावरून ती समजली. दुपारी चार वाजता मुलाचा स्वतःचा फोन आला. मेलेला जवान त्याच आडनावाचा, दुसऱ्या तालुक्यातला होता. आमच्या गावात लोक आनंदाने रडले, आणि कोणाच्या तरी घरी त्याच घटकेस आकांत चालू असेल हे सायंप्रार्थनेपर्यंत आमच्याही ध्यानात आले नाही. वाहिनीस आम्ही पुष्कळ दोष दिला. घंटेबद्दल मात्र आजवर गावात कोणी आम्हांस एक शब्द विचारला नाही. फादरांना कोण विचारणार?

मेजर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या घरचं मला ठाऊक नाही, बाई. ठाऊक नसताना मी तुम्हाला बरं वाटेल असं काही सांगणार नाही. पण मी स्वतः एकदा असा निरोप घेऊन गेलो होतो. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता, तो आधी बंद करायला लावला. त्यांच्या आईनं मला बसवलं, पाणी आणायला आत गेली. तेवढ्यात मी वाक्य मनात जुळवलं. ती बाहेर आली, आणि मला एक शब्द आठवेना. पाणी पिऊन झाल्यावर तीच म्हणाली, सांगा आता."

पुढे आणखी प्रश्न झाले, चहा झाला. आमचे लक्ष नव्हते.

परतताना बसमध्ये ती आमच्या शेजारी बसली. खानापूर मागे पडेपर्यंत काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "फादर, मला वाटलं होतं, घंटेचं तुम्ही सांगाल."

"तू विचारले नाहीस, पोरी."

"आता विचारते." तिने पिशवीतून वही काढली. "तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही कोणाला विचारलंत का? घंटा किती वाजता वाजली?"

बस हेलकावत होती, खिडकीतून पावसाचे शिंतोडे वहीवर पडत होते. आम्ही एकेक सांगत गेलो, ती लिहीत गेली. वेळ साडेनऊची सांगितली. मग नीट आठवून दुरुस्त केली, पावणेदहा. तिने खोडून तसे लिहिले.