यथार्थदर्शन : कुठे उभे राहून पाहायचे?

रविवारी सकाळी वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये आम्ही तिघे चित्रकलेचा वर्ग घेतो. वंदना झाली की सतरंज्या तशाच राहतात आणि वीस-बावीस मुले मांडीवर पुठ्ठा घेऊन बसतात. आमच्यातला एक जण पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले आणि ते काम गेले. दुसऱ्याने कला महाविद्यालय फीअभावी दोन वर्षांत सोडले. तिसऱ्या आमच्या ताई, त्यांना शाळेत असताना शिक्षकांनी सांगितले होते, "तुझा हात चित्रकलेचा नाही." म्हणजे शिकवण्याचा अधिकार म्हणावा असे आम्हा तिघांकडे फारसे काही नाही.

चळवळीतले मित्र विचारतात, "रविवार रेघोट्या शिकवण्यात का घालवता? स्पर्धा परीक्षेचे गणित घ्या, इंग्रजी घ्या." प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याआधी आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण उत्तर त्या चुकीतच आहे.

तिसऱ्या रविवारी आम्ही पर्स्पेक्टिव्ह शिकवायला घेतले. मराठीत त्याला यथार्थदर्शन म्हणतात. फळ्यावर एक आडवी क्षितिजरेषा मारली. तिच्यावर एक बिंदू दिला. लांब जाणाऱ्या समांतर रेषा ज्या बिंदूत मिळाल्यासारख्या दिसतात, तो लोपबिंदू. त्या बिंदूकडे जाणारे रेल्वेचे रूळ काढले, बाजूला लहान लहान होत जाणारे विजेचे खांब काढले. अर्ध्या तासात सगळ्यांचे रूळ तयार. मुले खूश, आम्हीही खूश. मग म्हणालो, "आता आपापली गल्ली काढा."

सातवीतल्या एका मुलीने गल्लीच्या दोन्ही कडा क्षितिजरेषेच्या बऱ्याच वर नेऊन मिळवल्या होत्या. दोन घरांच्या रेषा एका बिंदूकडे, तिसऱ्या घराच्या भलतीकडेच. आम्ही तिच्या हातातला खोडरबर घेतला आणि सगळ्या वर्गादेखत त्या रेषा खोडल्या. "सगळ्या रेषा या बिंदूवर आल्या पाहिजेत. नियम आहे." ती हळूच म्हणाली, "पण सर, आमची गल्ली वर जाते." आम्ही म्हणालो, "जाऊ दे. नियम तो नियम."

घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. आमची वस्ती डोंगरउतारावर आहे. गल्ली पायऱ्यापायऱ्यांनी वर चढते. पुढच्या रविवारी आम्ही फोटोच्या फ्रेमची एक काच आणि मार्कर घेऊन मुलांसह त्या गल्लीच्या तोंडाशी, नळाजवळ गेलो. काच डोळ्यांसमोर स्थिर धरली, एक डोळा मिटला आणि काचेतून जे दिसत होते त्यावरून रेषा मारल्या. पायऱ्यांच्या दोन्ही कडा वर, आमच्या नेत्ररेषेच्या कितीतरी वर जाऊन मिळत होत्या. खिडक्यांच्या आडव्या रेषा मात्र नेत्ररेषेवरच येत होत्या, पण प्रत्येक घराच्या वेगळ्या ठिकाणी. कारण आमच्या गल्लीत दोन घरे एकमेकांना समांतर नाहीत. मुलीने काढले होते तेच बरोबर होते.

नियम खोटा नव्हता; आम्हीच तो अर्धा शिकलो होतो. जमिनीशी समतल असलेल्या रेषाच नेत्ररेषेवर मिळतात. पुढे चढत जाणाऱ्या समांतर रेषा तिच्या वर मिळतात, उतरत जाणाऱ्या तिच्या खाली. आणि घरांची तोंडे जितक्या दिशांना, तितके लोपबिंदू. हे सगळे याच शास्त्रात आहे. मग आम्हाला अर्धेच का माहीत होते? कारण आम्ही ज्या चित्रांवरून शिकलो त्यातला रस्ता नेहमी सपाट आणि सरळ होता. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीची झाडे, सारख्या अंतरावर खांब. तो आखलेल्या वसाहतीतला रस्ता. आमची गल्ली कुणी कधी आखलीच नाही. पुस्तकात आपली गल्ली नसली की माणूस गल्लीलाच चूक म्हणू लागतो. ते आम्ही केले, आमच्याच मुलीशी केले.

आम्ही वर्गापुढे तिची माफी मागितली. यात मोठेपणा काही नाही. ज्यांना "तुझा हात चित्रकलेचा नाही" हे ऐकावे लागले, त्यांनीच खोडरबर उगारला होता. अधिकाराची जागा मिळाली की माणूस किती पटकन तसाच वागतो, हे आम्हाला चळवळीच्या भाषणांतून कळले नव्हते इतके त्या दिवशी कळले.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली. आमचा गोंधळ बघून तिचे वडील दारातून बाहेर आले. ते गवंडीकाम करतात. म्हणाले, "लेव्हलच बघायची ना? थांबा." आणि घरातून पाण्याची पारदर्शक नळी घेऊन आले. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला उभे राहते, त्यावरून गवंडी भिंतींवर समपातळी काढतात. मुलीला नळाजवळ उभे केले, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर खडूने खूण केली आणि नळीने तीच पातळी पुढच्या घरांवर नेली. पहिल्या घराला खूण दाराच्या कडीजवळ आली, पुढे गुडघ्याएवढी, आणि पाचव्या घरापाशी पायरीवर टेकली. मग एकेका मुलाला तिच्या डोळ्यांच्या उंचीवर डोळा आणून बघायला सांगितले. सगळ्या खुणा एका आडव्या रेषेत! हीच ती क्षितिजरेषा. डोंगराने क्षितिज झाकले तरी ती रेषा हलत नाही, कारण ती तुमच्या डोळ्यांची उंची आहे. पाचव्या घराच्या वरच्या पायऱ्यांचा माथा दिसत नव्हता, फक्त उभी बाजू दिसत होती. का, ते आता मुलेच सांगू लागली : "त्या आपल्या डोळ्यांच्या वर आहेत."

फळ्यावर आमचा तास वाया गेला होता. गवंड्याच्या नळीने तो धडा दहा मिनिटांत समजला. ज्याला आपण 'कलेचे शास्त्र' म्हणून दबकून बघतो, त्याचा अर्धा भाग आपल्या आईबापांच्या हातात रोज असतो. त्याला फक्त शास्त्राचे नाव आणि प्रतिष्ठा मिळालेली नाही.

या शास्त्राचा इतिहासही तेच सांगतो. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये 1420 च्या आसपास ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने एक प्रयोग केला. त्याचे मूळ शिक्षण सोनारकामाचे. त्याने तिथल्या बाप्तिस्मागृहाचे चित्र एका फळीवर काढले आणि फळीला एक भोक पाडले. बघणाऱ्याने फळीच्या मागून त्या भोकाला डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्र बघायचे. आरसा बाजूला केला तर समोर खरी इमारत, हुबेहूब तशीच. पण एक अट होती : डोळा एकच आणि जागाही ठरलेली तीच. 1435 मध्ये आल्बेर्तीने चित्रकलेवर लॅटिन ग्रंथ लिहून हे नियम मांडले आणि त्याच ग्रंथाची इटालियन प्रत 1436 मध्ये ब्रुनेलेस्कीला अर्पण केली. पुढे पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने पर्स्पेक्टिव्हचे गणित सविस्तर लिहिले तेही लोकभाषेत. त्याच्या बापाचा धंदा चामड्याचा होता. 1525 मध्ये ड्यूररने जर्मन भाषेत मोजमापाचे पुस्तक काढले ते केवळ चित्रकारांसाठी नव्हे, तर सोनार, पाथरवट, सुतार यांच्यासाठीही. काचेतून बघून काचेवरच रेषा मारणारा चित्रकार त्याच पुस्तकातल्या एका चित्रात आहे. आमच्या फ्रेमच्या काचेची रीतही तीच आहे.

तिथे आपल्यासारखी जातिव्यवस्था नव्हती, त्यामुळे तुलना ताणू नये. पण एक गोष्ट लक्षात घ्या. पंडितांच्या भाषेतले ज्ञान कारागिरांच्या भाषेत आले, तेव्हा ते वाढले. हाताने काम करणारा आणि ग्रंथ लिहिणारा एकमेकांपासून तोडले गेले नाहीत, तेव्हा शास्त्र झाले. आपल्याकडे हात आणि ग्रंथ यांच्यामध्ये कोणती भिंत उभी होती, हे या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता मित्रांच्या प्रश्नाचे उत्तर. चित्रकला ही जन्मजात देणगी असते, असे आपल्या समाजात सर्रास म्हटले जाते. "रक्तातच असावे लागते." हे वाक्य आपल्या ओळखीचे नाही का? जे शिकून येते त्याला जन्माची देणगी ठरवले की ज्याला शिकायला मिळाले नाही त्याच्यातच खोट काढता येते. पर्स्पेक्टिव्ह हे त्या वाक्याला सरळ उत्तर आहे. पट्टी, पेन्सिल, दोरी आणि काच घेऊन कुणालाही ते शिकता येते. ज्या मुलाच्या घरी रंगपेटी नव्हती तो चार रविवारांत खोलीचा कोपरा बरोबर काढतो, तेव्हा त्याच्या मनातली 'आपल्याला जमणार नाही' ही गाठ सुटते. शिवाय एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा आहेत, दहावीला त्यांचे वाढीव गुण आहेत, वास्तुकलेच्या प्रवेश परीक्षेत चित्रकला आहे. क्लासला पैसे भरणारी मुले हे सगळे आधीच शिकून येतात. आमची मुले तिथे रिकाम्या हाताने का जावीत?

दुसरा आक्षेप जास्त विद्वान मंडळींकडून येतो. "ही युरोपची दृष्टी. वसाहतवाद्यांनी लादलेली. तुम्ही मुलांना वारली शिकवा, लोककला शिकवा." मुंबईत 1857 मध्ये जे.जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले आणि ही पद्धत तिथून आपल्याकडे रुजली हे खरे. युरोपी रीतीने न काढलेले चित्र म्हणजे अडाण्याचे चित्र, असे मानले गेले हेही खरे. पण त्याच संस्थेच्या विद्यार्थ्यांना 1872 पासून ग्रिफिथ्स अजिंठ्याला घेऊन गेले आणि भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. त्या भिंतींवर महाल, दरवाजा, बाग हे सगळे एका बिंदूला बांधलेले नाही. डोळा एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात चालत जातो. एकाच जागी खिळून बघायचे, की चालत चालत बघायचे, या दोन रीती आहेत. एक शहाणी आणि एक अडाणी असे नाही. आम्ही वर्गात दोन्ही दाखवतो.

मात्र आमच्या मुलांनी फक्त 'आपली' कलाच करावी, हे आम्हाला मान्य नाही. माणसाला जन्माच्या कामाला बांधून ठेवणारी ती जुनीच गोष्ट आहे, फक्त आता कौतुकाच्या शब्दांत सांगितलेली. सल्ला देणाऱ्यांची मुले वास्तुकलेला जातात. आमच्या मुलांनी तेवढी परंपरा जपायची? वारली काढावीशी वाटली तर जरूर काढावी. पण ती निवड असावी, नेमून दिलेले काम नसावे.

आमचे भांडण फक्त त्या नावाशी आहे. यथार्थदर्शन! यथार्थ म्हणजे जसे आहे तसे. पण या चित्रात चौकोनी फरशी तिरकी होते, सारख्या उंचीची दारे लहानमोठी होतात, जवळचे घर मोठे आणि लांबचे टिचभर होते. हे 'जसे आहे तसे' नाही. हे 'इथून जसे दिसते तसे' आहे. आणि 'इथून' हा शब्द गाळला की एका जागेवरून दिसलेले सगळ्यांचे सत्य ठरते. समोरच्या टॉवरच्या गच्चीवरून आमची वस्ती म्हणजे निळ्या ताडपत्र्यांचा पसारा दिसतो. त्या उंचीवर नेत्ररेषा धरली तर तेही चित्र नियमाने बरोबरच असेल. पण त्यात दार नाही, उंबरा नाही, माणसाचा चेहरा नाही. वस्तीबद्दलचे निर्णय बहुधा तसल्याच उंचीवरून होतात.

म्हणून आम्ही शिकवण्याचा क्रम बदलला आहे. आधी गल्ली, मग काच, मग नळी, आणि फळा सर्वांत शेवटी. खोडरबर मुलांच्याच हातात राहतो; चूक वाटली तर आम्ही विचारतो, "तू कुठे उभी होतीस?" आणि बघायला त्या जागी जातो. एकच गल्ली बसून, उभे राहून आणि माळ्यावरून अशी तीनदा काढायला सांगतो. क्षितिजरेषा प्रत्येक वेळी हलते आणि तिच्याबरोबर सगळी गल्ली बदलते. आणि चित्राच्या कोपऱ्यात नावाखाली एक ओळ लिहायची : मी कुठून पाहिले.

त्या मुलीने गल्ली पुन्हा काढली, त्याच कागदावर. आम्ही खोडलेल्या रेषांचे वळ अजून दिसत होते, ती त्यांच्यावरूनच पेन्सिल फिरवत गेली. कोपऱ्यात लिहिले, "नळाजवळ, उभी राहून." तो कागद हॉलच्या भिंतीवर लावला आहे. प्रश्न विचारणाऱ्या मित्रांनी एखाद्या रविवारी यावे आणि तो बघावा. येताना जुन्या फ्रेमची एखादी काच आणावी. आमच्याकडे एकच आहे आणि मुले बावीस.

जयभीम.