आधी ब्रेक, मग ताकद

यंदा भिशीत माझा नंबर लागला आणि दीड लाख रुपये हाती आले. दोन दिवसांनी पुण्याहून भाच्याचा फोन आला. "खाला, कर्जे-हसना हवा होता. वर्षभरात परत करतो." कशासाठी, तर गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवायला. त्याच्याकडे २०१५ सालची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे, सेकंडहँड घेतलेली. आपाने, म्हणजे त्याच्या आईने, एक रुपया मिळणार नाही असे आधीच सांगून टाकले होते. मीही नाही म्हटले असते तर तो मोबाइलवरच्या एखाद्या ॲपवरून व्याजाने पैसे उचलणार, हे मला दिसत होते. एकदा व्याजाची सवय लागली की ती गाडीपुरती राहत नाही. म्हणून मी म्हटले, "पैसे देते बेटा, पण एका अटीवर. जी वस्तू बसवायची ती काय काम करते, हे मला समजावून सांगायचे. समजली आणि पटली, तरच तिचे पैसे मिळतील."

मी हायस्कूलला उर्दू आणि मराठी शिकवते. इंजिन हा माझा विषय नाही. पण कोल्हापुरात राहणाऱ्याला इंजिनाबद्दल विचारायला माणूस शोधावा लागत नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथ, बोअरिंग आणि ओतकामाचे धंदे पिढ्यान्पिढ्या चालत आले आहेत. आमच्या शेजारच्या मिस्त्रीचाचांचे उभे आयुष्य तिथे इंजिने उघडण्यात गेले. एका रविवारी भाचा गाडी घेऊन आला आणि एका ट्यूनिंगवाल्याने दिलेले कोटेशन आम्ही तिघांनी मिळून वाचायला घेतले.

कागदावर चार कामे होती. जास्त हवा घेणारा एअर फिल्टर, मोकळा सायलेन्सर आणि त्याच्या पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला पाइप, इंजिनाच्या कॉम्प्युटरचे नवे प्रोग्रामिंग, आणि पुढच्या वर्षासाठी मोठा टर्बो.

चाचा म्हणाले, आधी ताकद येते कुठून ते समजून घ्या. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे चौदा-पंधरा भाग हवा लागते. म्हणजे ताकद वाढवायची तर इंजिनात आधी हवा जास्त कोंबायची आणि मग त्या हिशेबाने पेट्रोल द्यायचे. टर्बो हेच करतो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर तो पंखा फिरवतो आणि हवा दाबून आत ढकलतो. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनात फिल्टर आणि सायलेन्सर बदलून पदरात फार थोडे पडते. टर्बो इंजिनात मात्र किती हवा आत जाऊ द्यायची हे कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे नुसते प्रोग्रामिंग बदलले तरी फरक कळतो.

किती फरक? भाच्याने वहीत हिशेब मांडला. टॉर्क म्हणजे पिळाचा जोर. त्याला इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचे आणि ७०२३ ने भागायचे, की अश्वशक्ती मिळते. या पोलोच्या १.२ लिटर इंजिनाचा टॉर्क १७५ न्यूटन मीटर आहे आणि तो ४१०० फेऱ्यांपर्यंत टिकतो. म्हणजे त्या ठिकाणी सुमारे १०२ अश्वशक्ती. कंपनीचा कमाल आकडा ५००० फेऱ्यांना १०५ आहे. तोच टॉर्क २२० केला तर ४१०० फेऱ्यांनाच सुमारे १२८ होतात. एवढे गणित मलाही कळले. तिसरे काम खोटे नव्हते.

मग चाचांनी विचारले, "हा वाढीव पीळ झेलणार कोण?" या गाडीला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. कंपनीने तो २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवला आहे. २२० वर गेले तर थोडी जागा शिल्लक राहते. मोठा टर्बो लावला की ती जागा संपते. शिवाय मोठ्या टर्बोला जास्त पेट्रोल देणारे इंजेक्टर हवेत, पंप हवा, थंड करायची व्यवस्था हवी. पेट्रोलातल्या शक्तीचा मोठा भाग उष्णता होऊन धुरातून आणि कूलंटमधून निघून जातो. ताकद वाढली की ही उष्णताही वाढते. दाब आणि उष्णता हाताबाहेर गेली की पेट्रोल वेळेआधी किंवा भलतीकडे पेटते आणि इंजिन आतून ठोकायला लागते. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल हे ठोकणे लांबवते, म्हणून असे प्रोग्रामिंग केलेल्या गाड्यांना महागडे पेट्रोल कायमचे मागे लागते. साखळीतली एक कडी जाड केली की ताण पुढच्या कडीवर जातो, हे चाचांचे म्हणणे मी वहीत लिहून घेतले. चौथे काम भाच्याने स्वतःच खोडले.

दुसरे काम मी खोडले. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचे बरेचसे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतो. तो काढायचा म्हणजे आपल्या मजेचा धूर शेजाऱ्याच्या लेकराच्या छातीत भरायचा. मोकळ्या सायलेन्सरच्या आवाजाबद्दल वेगळे सांगायला नको. आमच्या मोहल्ल्यात फजरला उठणारी म्हातारी माणसे आहेत, इशाच्या नमाजनंतर त्यांना झोप हवी असते.

पहिले काम, फिल्टर, चाचांनी एका वाक्यात मिटवले. कंपनीचा फिल्टर स्वच्छ असेल तर या इंजिनाला हवेची टंचाई नाही.

राहिले तिसरे. इथे कायद्याचा प्रश्न आला. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. प्रोग्रामिंग डोळ्यांना दिसत नाही, असे भाचा म्हणाला. मी म्हटले, "परीक्षेत कॉपी दिसली नाही म्हणून ती चालते का? आणि उद्या अपघात झाला, विमा कंपनीने गाडी तपासली, तर तुझ्या अम्मीला काय सांगायचे?" तो गप्प बसला.

मग मी विचारले की ही ताकद वापरणार कुठे. तो म्हणाला, कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर. तिथे ट्रॅक भाड्याने घेऊन मुले आपापल्या गाड्या पळवतात, त्याचे मित्र जाऊन आले आहेत. हे ऐकून मला बरे वाटले, कारण वेगाची हौस रस्त्यावर नको, ट्रॅकवर हवी. चाचांनी लगेच विचारले, "ट्रॅक केवढा?" तो २.१ किलोमीटरचा आहे आणि त्यात वळणे बरीच आहेत. "म्हणजे सरळ पळण्यापेक्षा थांबणे आणि वळणे जास्त. मग या कागदावर ब्रेक आणि टायर कुठे आहेत?"

खरोखरच नव्हते. आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी मला हिशेब करून दाखवला. वेग ८० वरून १०० झाला तर वेग सव्वापट होतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. ८० वरून १२० गेलो तर ती सव्वादोनपट. थांबायला लागणारे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. या पोलोला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, जुने झाले की तापल्यावर उकळते आणि पेडल मऊ पडते. भाच्याच्या गाडीतले ऑइल कधी बदलले हे त्यालाच ठाऊक नव्हते. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आम्ही वाकून वाचले. गाडीइतकेच टायरही जुने होते.

चाचांनी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले. आकडे एकमेकांच्या जवळ आले, अल्हमदुलिल्लाह. तफावत असती तर वाढीव दाबाने दुबळा सिलिंडर आधी गेला असता, असे ते म्हणाले. स्पार्क प्लग झिजलेले निघाले आणि एक इग्निशन कॉइल कमजोर. ते बदलल्यावर घाटात गाडी अडखळायची थांबली. भाचा म्हणाला, "खाला, हिची स्वतःचीच ताकद हिला पुरती मिळत नव्हती."

शेवटी मी साठ हजार दिले. त्यात चार चांगले टायर, ब्रेक पॅड आणि नवे ब्रेक ऑइल, प्लग, कॉइल आणि पूर्ण सर्व्हिसिंग झाले. दर महिन्याला पाच हजार परत येतात. प्रोग्रामिंगची हौस त्याच्या मनातून गेलेली नाही. आधी ट्रॅकवर आहे त्या ताकदीने चालवून पाहतो, मग बोलू, असे तो म्हणतो. मी त्याच्याकडून वचन घेतलेले नाही. समजून घेतलेली गोष्ट वचनापेक्षा जास्त टिकते, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

आपा माझ्यावर अजून थोडी नाराज आहे. तिला वाटते मी त्याचे लाड केले. पण आपल्या घरातली मुले गाड्यांवर जीव टाकणारच. त्यांना नुसते नाही म्हटले की ती आपल्या पाठीमागे करतात, आणि न विचारता पैसे दिले की त्यांच्या हातात जोखीम देतो. तुमच्या घरात असा कागद आला तर तो त्यांच्यासोबत बसून वाचा. इंजिन निरोगी आहे का, वाढलेला जोर झेलणार कोण, कायदा आणि विमा काय म्हणतो, आणि थांबायची तयारी किती, हे चार प्रश्न आईनेही विचारावेत. त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही.