तीस किलोमीटरचं कोकण

'कोकणात आणि सायकलने? घाट आहेत तिथे, मरशील!' ऑफिसच्या कँटीनमध्ये सायकल टूरचा विषय काढलात, तर पहिली प्रतिक्रिया ही येणार. दुसरी त्या मित्राची, ज्याने मुंबई-गोवा सायकलवाल्यांचे फोटो बघितलेत. 'करायचं तर गोव्यापर्यंत, नाहीतर कशाला?' या दोघांच्या भांडणात तुमची सायकल बिचारी जिन्याखाली धूळ खात उभी!

घाटांचं म्हणणं तसं खरं आहे. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे मरीन ड्राइव्हसारखा सपाट, असं वाटत असेल तर विसरा. कोकणात डोंगराच्या सोंडा थेट समुद्रात उतरतात. खाडी ओलांडली की चढ, चढ संपला की उतार आणि पुढे पुन्हा खाडी. पण मांडवा ते रेवदंडा हा सुमारे चाळीस किलोमीटरचा पट्टा जवळजवळ सपाट आहे. शाळा सुटल्यावर सायकलला हात न लावलेल्यांसाठी यापेक्षा चांगली शाळा नाही. हिशोब सोपा ठेवायचा. तीन दिवस, रोज तीसेक किलोमीटर. तेवढं अंतर ताशी बारा-पंधराच्या वेगाने अडीच तासांत होतं. उरलेला दिवस तुमचा!

सुरुवात भाऊच्या धक्क्यावरून. २०२०पासून इथून मांडव्याला रो-रो जाते, तिच्यात गाड्यांसोबत सायकलही चढते. तासाभरात तुम्ही पलीकडे. मुंबईच्या सायकलवाल्यासाठी ही बोट म्हणजे चैन नाही, गरज आहे. कारण दुसरा रस्ता पनवेल-वडखळचा, ट्रक-ट्रेलरच्या धुरातला. २०२४च्या जानेवारीत खुल्या झालेल्या अटल सेतूवर तर बाइकलाही बंदी, तिथे सायकलला कोण विचारतो?

एक सल्ला. शनिवारी जाऊ नका. शनिवारी या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या एसयूव्ही घुसतात आणि त्यांना स्विमिंग पूलवाल्या व्हिलात पोचायची भारी घाई असते. रविवारी सकाळी निघा, सोमवार-मंगळवारची रजा टाका. बॉसला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

मांडव्याहून मोठा रस्ता सोडून सासवणे, आवास, किहीम असं गावागावांतून जा. सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांच्या घरात त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. पुण्यातला १९२८चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. सायकल झाडाला टेका आणि आत जा. गाडीने आलेले लोक किहीमच्या बीचची पाटी शोधत इथून सरळ पुढे निघून जातात.

आणखी एक गंमत म्हणजे या टूरमध्ये समुद्र फारसा दिसतच नाही! रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमागून जातो. समुद्र कुठल्याशा बोळाच्या टोकाला अचानक चमकतो आणि नाहीसा होतो. सुरुवातीला आमच्या ग्रुपमधली बँकवाली मैत्रीण यावर नाराज होती. दुपारच्या उन्हात वाडीची सावली मिळाल्यावर तिची तक्रार बंद झाली.

अलिबाग गावात फार रेंगाळू नका. ओहोटी असेल तर कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं, तेवढं करा. १९०४पासूनची चुंबकीय वेधशाळाही इथलीच. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार, त्यांनी कुलाब्याची नाजूक उपकरणं बिघडणार, म्हणून ती इथे हलवली. मुक्काम मात्र आक्षी ओलांडून नागावला. तिथल्या घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी, बोंबील आणि सोलकढी. थंडीत गेलात तर पोपटी सांगून ठेवा. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, चिकन आणि भांबुर्डीचा पाला, बाहेरून जाळ. त्या वासापुढे तुमचं बार्बेक्यू काहीच नाही. फेब्रुवारीनंतर परताल तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा घ्या. २०२२मध्ये त्याला जीआय मानांकन मिळालंय. हँडलला लटकवल्या की फोटोही झकास येतो.

दुसरा दिवस या टूरचा खरा दिवस. सॅक खोलीवर ठेवा, फक्त पाणी आणि पंक्चर किट घेऊन चौलकडे निघा. आज झोपाळू वाटणारं हे गाव एकेकाळी जगाच्या नकाशावरचं बंदर होतं. वास्को द गामाच्याही आधी, पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथे उतरला, सोबत विकायला घोडा घेऊन! रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. पुढे पोर्तुगीज तटबंदीच्या आतून रस्ता जातो आणि कुंडलिका खाडीवरचा साळावचा पूल येतो. इथे कारखान्याकडे जाणारी अवजड वाहनं असतात, तेव्हा एकामागे एक, डाव्या कडेने. गप्पा बंद.

पलीकडे कोर्लई. किल्ल्याच्या पायथ्याच्या या गावातली ख्रिस्ती कुटुंबं घरात एक वेगळीच भाषा बोलतात, पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळणीतून झालेली. तिचं नाव 'नौ लिंग', म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीज इथून १७४०मध्ये गेले, भाषा राहिली. गावात कॅमेरा काढून 'बोला ना काहीतरी' असं म्हणू नका, प्लीज. चहा घ्या, बसा. कानावर पडेल ते पडेल.

काशीदच्या दिशेने पुढे गेलात की चढ सुरू होतात. बँकवाली पहिल्याच चढावर उतरून सायकल ढकलायला लागली. बाजूने जाणाऱ्या मासळीवाल्या मावशी हसल्या, 'काय गं, गाडीचं पेट्रोल संपलं?' तिनेही हसून मान डोलावली आणि तिथूनच मागे फिरली. संध्याकाळी भाकऱ्या मात्र सगळ्यांत जास्त तिनेच खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी परत उत्तरेकडे. इथे वाऱ्याचं गणित लक्षात ठेवा. थंडीत सकाळी वारा जमिनीवरून येतो आणि हलका असतो. दुपारी तो वायव्येकडून, समुद्रावरून सुटतो. म्हणजे जाताना पाठीवर आणि येताना थेट तोंडावर. तेव्हा सहाला निघा आणि अकराच्या आत मांडवा गाठा. गिअर हलका ठेवून पाय भरभर फिरवा. जोर लावून जड गिअर मारलात तर बुधवारी ऑफिसचा जिना चढताना गुडघे बोलतील.

हे सगळं आत्ताच का सांगतेय? कारण रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची कामं सुरू आहेत. करंजा-रेवस पूल, पुढच्या खाड्यांवरचे पूल. पूल हवेतच. पेशंटला घेऊन जेट्टीवर बोटीची वाट बघणाऱ्या घरांना विचारा. पण खाड्यांवरून आज सायकलला पलीकडे नेतात त्या आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वीसारख्या फेऱ्या. पूल झाल्यावर त्या चालल्या नाहीत आणि पुलांवर अटल सेतूचाच नियम लागला, तर सायकलवाल्याने जायचं कुठून? कडेला दीड मीटरची पट्टी एवढंच मागणं आहे. ते आराखडा कागदावर असतानाच करावं लागतं.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रो-रोचं तिकीट आधीच काढा. सायकल नवी घ्यायची गरज नाही, जिन्याखालची चालेल. फक्त सीटची उंची नीट करून घ्या, ब्रेक बघा, टायरमध्ये हवा भरा. ओहोटीच्या घट्ट वाळूवर चालवायचा मोह होणारच, चालवा. पण संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून चेनला तेल द्या. खारं पाणी चेन खातं.