उद्यमनगरांतील एक विद्या

करवीर क्षेत्रीं येणारा पाहुणा प्रथम अंबाबाईचें दर्शन घेतो, सायंकाळीं रंकाळ्याच्या कांठीं फिरतो आणि सवड असल्यास पन्हाळगड पाहून परततो. शिवाजी उद्यमनगराकडे त्याचीं पावलें सहसा वळत नाहींत. वाचकांनीं एक दुपार तिकडे घालवावी, अशी आमची त्यांस विनंति आहे.

कोल्हापुरांत यंत्रविद्या रुजली तिच्या मुळाशीं ऊंस आहे. ऊंसास पाणी हवें, पाण्यास पंप हवा, पंपास इंजिन हवें. बिघडलेलीं इंजिनें दुरुस्त करतां करतां येथील कारागीर तीं स्वतः घडवूं लागले. आज ओतीव लोखंडाच्या कामासाठीं हें शहर देशभर प्रसिद्ध आहे. बाबूराव पेंटर यांनीं आपला चित्रपटाचा कॅमेराहि याच गांवांत सिद्ध केला. त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० सालीं पडद्यावर आला.

ही विद्या पाहण्यास मोठा कारखानाच हवा असें नाहीं. मोटारसायकल दुरुस्तीचें लहानसें दुकानहि पुरे. अशाच एका दुकानांत आम्ही बसलों असतां एक दूधवाला आला. मागील चाकाची ट्यूब फाटलेली, आणि आंसाचा नट गंजून असा बसलेला कीं चाक निघेना. वाटेंत कोणीं तरी ढिला पाना लावून नटाचे कोपरेहि झिजविले होते. संध्याकाळच्या धारांची वेळ जवळ आली होती. दूध वेळेवर संस्थेंत पोंचलें नाहीं तर तें नासावयाचें आणि दिवसाची मिळकत बुडावयाची.

मिस्त्रीनें प्रथम पान्यास हात लाविला नाहीं. आटे उजवे कीं डावे, हें त्यानें आधीं पाहिलें. कारण सायकलीच्या डाव्या पॅडलाचे आटे उलटे असतात, तसे यंत्रांत इतरत्रहि आढळतात. व्याकरणांतहि अपवाद आधीं पाहावा व मगच सामान्य नियम लावावा, असें आम्ही विद्यार्थ्यांस सांगत असूं. नंतर त्यानें तारेच्या ब्रशानें गंज खरवडला, पातळ तेल सोडलें आणि तो दुसऱ्या कामास लागला. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. म्हणून तो आट्यांत पाचरीसारखा घट्ट बसतो. तेल आंत झिरपण्यास वेळ द्यावा लागतो. मधून मधून तो नटाच्या बाजूंवर हातोडीनें हलके ठोके देई. त्यानें गंजाची पकड फुटते.

मग सहाहि कोपरे धरणारा पाना लावून त्यानें नट आधीं किंचित् आंवळला आणि मग उलट फिरविला. एकदां आवाज झाला, पण नट हलला नाहीं. अशा वेळीं नट तापवितात. तो आंसाआधीं फुगून सैल होतो. परंतु येथें जवळच रबर व ग्रीस असल्यानें ज्योत लावण्यास मिस्त्री तयार होईना. पान्यास लांब नळी जोडून जोर करावा, असें दूधवाला म्हणाला. “आंस तुटला तर आज गाडी जाणार नाहीं, मामा,” एवढेंच बोलून मिस्त्रीनें छिन्नी घेतली आणि आट्यांस धक्का न लावतां नट उभा चिरला. नट अल्प मोलाचा, आंस महाग. काय वांचवावयाचें आणि काय सोडावयाचें, हें त्यास नेमकें ठाऊक होतें. नवा नट बसला आणि दूधवाला वेळेवर मार्गस्थ झाला.

आपल्या घरांत हातास तेल लागलेल्या मुलास आपण बहुधा अभ्यासाची आठवण करून देतों. निरीक्षण, कारणमीमांसा, धीर आणि तारतम्य हीं अभ्यासाचींच अंगें आहेत, आणि तीं त्या दुकानांत आम्हांस एकत्र दिसलीं. म्हणून पुढील खेपेस कोल्हापुरास याल तेव्हां देवदर्शन झाल्यावर मुलांस उद्यमनगरांत अवश्य न्यावें, आणि कोण्या मिस्त्रीची हरकत नसल्यास घटकाभर त्याचे हात पाहूं द्यावे.