राहून गेलेला डोस

पावसाळ्यात नळगंगा दुथडी भरून वाहू लागली की आमच्या मलकापुरात पाणी गढूळ होते. मग स्वयंपाकघराच्या फडताळातून तुरटीचा खडा बाहेर निघतो. हंड्यात तो चार वेळा फिरवावा आणि स्वस्थ बसावे. तासाभरात गाळ तळाशी जातो. लहानपणी आईला आणि आता घरकाम पाहणाऱ्या मावशींना हे करताना मी नित्य पाहत आलो. परंतु याच तुरटीची भावंडे आपल्या लेकरांना टोचल्या जाणाऱ्या लसीतही असतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

ते कळले एका नर्सबाईंमुळे. आमच्या सभागृहात लसीकरणाचा दिवस होता. बाईंनी निळ्या डब्यातून एक बाटली काढली, हलवली आणि उजेडासमोर धरली. आत दुधाळ पाणी होते. मी विचारले, ‘‘बाई, एवढे काय निरखता?’’ त्या म्हणाल्या, ‘‘फादर, ही लस कधी गोठली असेल तर हलवल्यावर हिच्यात कण दिसतात आणि ते भराभर तळाशी बसतात. अशी बाटली टाकूनच द्यायची.’’ लसीला उन्हाची भीती असते, एवढेच मी जाणून होतो. थंडीनेही काही लसी निकामी होतात, ही माहिती मला नवी होती. त्या दुधाळपणाचे कारण म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांचा अतिसूक्ष्म, लिबलिबीत साका. शास्त्रज्ञ त्याला ‘जेल’ म्हणतात. ते एकदा गोठले की त्याची घडण मोडते, आणि मग लसीचे बळही ओसरते.

या साहाय्यक द्रव्यांना ‘अ‍ॅड्जुव्हंट’ असे नाव आहे. सेमिनरीत घोकलेले लॅटिन येथे कामी आले. ‘अ‍ॅड्जुव्हारे’ म्हणजे मदत करणे. हे नाव रूढ केले गास्तों रामों या फ्रेंच पशुवैद्याने. पॅरिसच्या पाश्चर संस्थेसाठी तो घोड्यांना घटसर्पाचे निर्विष केलेले विष टोचून त्यांच्या रक्तातून औषधी रक्तद्रव मिळवीत असे. ज्या घोड्यांना टोचल्या जागी गळू होई, त्यांचे रक्त अधिक गुणकारी ठरते, असे त्याच्या ध्यानी आले. मग १९२५च्या सुमारास त्याने लसीत नाना पदार्थ मिसळून पाहिले. त्यांत पावाचा चुरा होता, आणि आपला साबुदाणा ज्यापासून बनतो तो टॅपिओकाही होता! पुढच्याच वर्षी, १९२६ साली, इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी तुरटीचा उपयोग करून दाखवला, आणि आज शंभर वर्षे होत आली तरी ती मदतनीस टिकून आहे.

घोड्यांची ही कथा आपल्या महाराष्ट्रातही घडली आहे. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या तबेल्यातील निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला रक्तद्रव बनवण्यासाठी दिले जात. त्यातूनच १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आणि याच संस्थेत तयार होणारी हिवतापाची लस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३मध्ये शिफारसपात्र ठरवली. तिच्यातील मदतनीस द्रव्य दक्षिण अमेरिकेतील एका झाडाच्या सालीतून मिळते. रिठ्याला फेस आणणारे सॅपोनिन असते ना, त्याच जातीचे ते द्रव्य. ही लस मुख्यत्वे आफ्रिकेतील बालकांसाठी आहे. तिचे आधी तीन डोस द्यावे लागतात आणि वर्षभराने चौथा.

एवढे डोस का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. शत्रूची ओळख पटवणे हे शरीराच्या दृष्टीने शिक्षणाचेच काम आहे. खरा रोगजंतू अंगात शिरला की आठवडा-दोन आठवडे ठाण मांडतो. त्या मुदतीत काखेतील, मानेतील, जांघेतील गाठींमध्ये (ज्या सुजल्या की आपण ‘अवधाण आले’ म्हणतो) प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींची जणू शाळा भरते. दिवसेंदिवस त्या अधिक नेमकी प्रतिपिंडे बनवू लागतात. नुसत्या पाण्यातील लस मात्र एक-दोन दिवसांत विरून जाते. तुरटी लसीला धरून ठेवते, असे ग्लेनींना वाटले. नंतरच्या संशोधनाने दाखवले की तिचे काम तेवढ्यापुरते नाही. ती शरीराला धोक्याची सूचना देते, पहारेकऱ्यांना जागे करते. तरीही धडा पक्का व्हावा म्हणून तो पुन्हा द्यावा लागतो. पहिलीच्या मुलांना बाराखडी एकदाच शिकवून कोणता गुरुजी निश्चिंत होईल?

हे वाचत असताना मला पंचवीस वर्षांपूर्वीची एक बाई आठवत राहिली. माझी गुरुदीक्षा होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. दिवाळी सरताच आमच्या भागातील बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जात. अशीच एक तरुण माता, दोन महिन्यांचे लेकरू पदराखाली घेऊन, निघण्याच्या आदल्या सायंकाळी माझ्याकडे आली. मुलाला त्रिगुणी लसीची पहिली सुई मिळाली होती. दुसरीला अजून अवकाश होता. ‘‘दुसऱ्या सुईसाठी थांबू का जाऊ, फादर?’’ तिने विचारले. मुकादम थांबणार नव्हता, हे आम्ही दोघेही जाणत होतो. मी म्हणालो, ‘‘जा बाई. एक तर झाली आहे. राहिलेली परत आल्यावर घेऊ.’’

पावसाच्या तोंडाशी ती परतली तेव्हा कडेवर लेकरू नव्हते. डांग्या खोकल्याने ते तिकडेच दगावले होते. दारात उभी राहून तिने विचारले, ‘‘एक सुई त देल्ली होती नं लेकराले, फादर?’’ मी तिला सांत्वनाचे चार शब्द ऐकवले, तिच्यासोबत प्रार्थना केली. तिच्या प्रश्नाला मात्र मी उत्तर दिले नाही. एका सुईने मिळणारे संरक्षण अपुरे असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, हे खरे. परंतु ठाऊक नसताना मी खात्रीने बोललो होतो, हेही तितकेच खरे.

म्हणूनच नव्या जेलविषयीची माहिती मी काहीशा आशेने वाचली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एरिक अ‍ॅपेल आणि त्यांचे सहकारी पॉलिमरचे, म्हणजे लांबलचक साखळ्यांच्या रेणूंचे, जेल बनवतात. त्यातील एक घटक सेल्युलोजपासून तयार होतो. आमच्या मलकापूरच्या शिवारातला कापूस म्हणजे बहुतांशी सेल्युलोजच! या साखळ्या आणि अतिसूक्ष्म कण एकमेकांना सैलसे धरून राहतात. दाब पडला की टूथपेस्टसारखे हे जेल सुईतून वाहते आणि त्वचेखाली जाताच पुन्हा घट्ट होते. त्यात लस आणि तिचे मदतनीस द्रव्य दोन्ही कोंडलेले असतात. दिवसामागून दिवस ती हळूहळू बाहेर पडतात आणि गाठींमधील शाळा लांबते. या पथकाने २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तीच लस साध्या द्रवातून देण्यापेक्षा जेलमधून दिल्यावर उंदरांच्या शरीरात अधिक सरस प्रतिपिंडे निर्माण झाली. उंदरांवरील यश म्हणजे बालकांवरील यश नव्हे. मधली वाट अनेक वर्षांची असते. परंतु अनेक डोसांचे काम कमी डोसांत व्हावे हा या खटाटोपाचा एक हेतू आहे, आणि त्याचे मोल वीटभट्टीवर निघालेल्या आईइतके कोणाला कळणार?

ते जेल आमच्या आरोग्य केंद्रात पोहोचेपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही. मी नर्सबाईंना त्या लेकराची हकिगत सांगितली. क्षणभर त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘फादर, कार्ड सोबत नेले असते तर तिकडच्या दवाखान्यातही दुसरी सुई मिळाली असती. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिले तिथून पुढे द्यायचे असते.’’ एवढे सांगायला मला त्या सायंकाळी अर्धे मिनिटही लागले नसते.

आता बाप्तिस्म्याची नोंद करताना मी आईबापांकडे बाळाचे लसीकरणाचे कार्डही मागतो. सहा, दहा आणि चौदा आठवडे अशा तारखा मोजून देतो. दिवाळीनंतर जी कुटुंबे बाहेरगावी निघतात, त्यांचे कार्ड पिशवीत ठेवले की नाही हे स्वतः पाहतो. काही जण हसतात. फादर आता कंपाउंडर झाले म्हणतात. म्हणोत बापडे. वाचकहो, तुमच्या शेजारीही असे एखादे बिऱ्हाड हलण्याच्या तयारीत असेल. निरोप देताना तेवढे कार्ड विचारा.