पाण्याची पाळी

जत तालुक्याच्या पूर्व अंगाला, कर्नाटकच्या हद्दीजवळ आमचं शेत. विहीर एक, वाटेकरी तीन. ज्याची पाळी त्यानं मोटर सुरू करायची, आपला व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, बाकीचे बंद. भाऊबंदकीच्या भिडेनं कुणी दोन व्हॉल्व्ह अर्धे-अर्धे ठेवले, की दोन्हीकडचं प्रेशर पडतं आणि ठिबकच्या शेवटच्या लाइनीला थेंब जात नाही. पुढे लोणावळ्याच्या एका बंगल्यात स्विमिंग पूल सांभाळायची नोकरी मिळाली, तेव्हा क्लोरीनबद्दल मला जेमतेम माहिती होती. सँड फिल्टर, बॅकवॉश (पाणी उलटं सोडून फिल्टरची वाळू धुणं), एनआरव्ही (पाणी उलटं फिरू न देणारा व्हॉल्व्ह) हे सगळं मात्र आमच्या डाळिंबाच्या बागेत हाताखालून गेलेलं. तेवढ्यावर साहेबांनी ठेवून घेतलं.

पूल ८०,००० लिटरचा. त्याला लागून, दीड फूट उंचावर, २,००० लिटरचा गरम पाण्याचा टब. त्याला सगळे जकुझी म्हणतात. टब भरला की त्याच्या काठावरून पाणी पुलात पडतं. पंप आणि फिल्टर दोघांना मिळून एकच. पंपरूममध्ये तीन तोंडांचे दोन व्हॉल्व्ह: पाणी कुठून ओढायचं हे एक ठरवतो, कुठे सोडायचं हे दुसरा. रोजच्या वेळी पुलातून ओढायचं आणि टबात सोडायचं, म्हणजे फिल्टर झालेलं पाणी टबातून सांडत पुलात उतरतं आणि दोन्हीकडचं पाणी हलतं राहतं. कुणाला टबात बसायचं असेल, तर दोन्ही व्हॉल्व्ह टबाकडे. टबातलंच पाणी हीटरमधून जाऊन टबात परत येतं. टबातून ओढून पुलात सोडलं, तर तासाला तेरा-साडेतेरा हजार लिटर फेकणारा पंप दहा मिनिटांच्या आत टब रिकामा करून हवा ओढायला लागतो.

हीटर लावल्यावर पाळीचा नियम आणखी कडक होतो. टबातलं पाणी २५ अंशांवरून ३८ वर न्यायला साधारण ३० युनिट वीज लागते. तेवढीच उष्णता पुलात गेली, तर पुलाचं पाणी अंशाच्या एक-तृतीयांशानं तापतं. म्हणजे तापलं हे कुणाला कळणारही नाही. पाणी ओढायचा व्हॉल्व्ह बोटभर जरी पुलाकडे राहिला, तरी हीटर तासन्‌तास चालतो आणि टब कोमटच राहतो. पाहुणे हीटर बिघडला म्हणून तक्रार करतात. मी आधी व्हॉल्व्हचा दांडा बघतो.

क्लोरीनचा हिशोब मी माणशी पाण्यावर करायला शिकलो. टबात चार जण बसले, की एकाच्या वाट्याला ५०० लिटर पाणी येतं. पुलात एवढी दाटी व्हायला १६० माणसं उतरावी लागतील. त्यात पाणी गरम, वर हवेचे बुडबुडे. क्लोरीन भराभर उडतं. म्हणून पुलात दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन चालतं, पण टबात ते ३ च्या खाली जाऊ देत नाही. टब आठवडाभर कुणी वापरला नाही, तरी त्यातून पाणी रोज फिरवावंच लागतं. कोमट, थांबलेलं, क्लोरीन संपलेलं पाणी म्हणजे जंतूंना आयतं घर. न्यूमोनियासारखा आजार देणारा लेजिओनेला अशाच पाण्यात वाढतो.

एका पावसाळ्यात रोज सकाळी टब दीड फूट उतरलेला दिसायला लागला. टबाला चीर गेली, असं सगळ्यांचं मत पडलं आणि टाइल्स फोडायला मिस्त्री बोलवायचं ठरलं. मला दोन गोष्टी खटकत होत्या. पंप चालू असताना पातळी हलत नव्हती. आणि पंप बंद झाल्यावर ती उतरून बरोबर पुलाच्या पातळीला थांबत होती. चिरेला पुलाची पातळी कशी कळणार? गावाकडे विहिरीतून शेततळ्यात पाणी उचलताना हेच होतं. एनआरव्ही अडकलेला असेल आणि पाइपाचं तोंड तळ्याच्या पाण्यात बुडालेलं असेल, तर मोटर थांबताच तळं उलटं विहिरीत उतरतं. इथं एनआरव्ही खोलला, तर झडपेखाली पानाचा देठ आणि खडी अडकलेली. साफ करून बसवला. दुसऱ्या दिवशी टब काठोकाठ होता.

बॅकवॉशवरून साहेबांशी माझा थोडा वाद झाला. आधीचा माणूस दर दोन दिवसांनी करायचा. एका बॅकवॉशला अडीच-तीन मिनिटं धरली, तरी ६०० लिटर पाणी गटारात जातं. मी गेज बघतो. स्वच्छ फिल्टरच्या प्रेशरवर अर्धा किलो चढलं, की बॅकवॉश, त्याआधी नाही. थोडा मळ धरलेली वाळू उलट बारीक कणही अडवते. साहेब म्हणाले, ‘‘लोणावळ्यात पाण्याची काय कमी?’’ खरं आहे, इथं वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जतला ५०० च्या आसपास. पण जाणाऱ्या पाण्याबरोबर त्यातलं क्लोरीन जातं, वीज जाते. हा हिशोब साहेबांना पटला.

सुट्टीत गावी गेल्यावर आमचं शेततळं मी नव्यानं पाहिलं. वर ३० बाय ३० मीटर, उतरत्या कडांचं, तीन मीटर खोल, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. भरलं की जवळपास २२ लाख लिटर. ठिबकच्या पंपाचा बायपास, म्हणजे जादा पाणी परत सोडणारा पाइप, पाणी ओढायच्या जागेशेजारीच तळ्यात सोडलेला होता. तेच पाणी जागच्या जागी घुमायचं आणि लांबच्या कोपऱ्यात शेवाळ दाटायचं. पुलात पाणी ओढायची आणि सोडायची जागा समोरासमोर ठेवतात. तसा मी बायपासचा पाइप वाढवून पलीकडच्या कोपऱ्यात नेला, तोंड मात्र पाण्याच्या वर ठेवलं. घरी आण्णांनी आधी पाइपाचा खर्च काढला, मग गप्प बसले. शेवाळ कमी झालं, गेलं नाही. इतक्या पाण्यात क्लोरीन टाकणं परवडणारं नाही आणि जतचं ऊन कुणाला थांबवता येत नाही. पण सँड फिल्टर पूर्वीइतका लवकर तुंबत नाही, शेवटच्या लाइनीला प्रेशर टिकतं.

म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलत आमच्या तालुक्याकडे येतं. आम्ही त्याच्या शेवटच्या टोकाला. वरच्या व्हॉल्व्हवर कुणाचा हात आहे, याची चौकशी टोकाच्या माणसाला करावीच लागते. पंपरूममध्ये नवीन पोरगा येतो, तेव्हा मी त्याला पाण्याची चव किंवा रंग ओळखायला शिकवत नाही. दोन्ही व्हॉल्व्ह दाखवतो आणि विचारतो, ‘‘सांग, आत्ता पाळी कुणाची?’’