वांग, ट्यूब आणि पीलिंग

एरवी मी आपल्या इंदूरच्या राजवाड्याच्या नि सराफ्याच्या आठवणी लिहितो. आज जरा घरचं.

धाकट्याच्या बाळंतपणानंतर हिच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले. आई दिवाळीत उटणं जरा जास्तच घासायला सांगायची. मसुराचं पीठ, साय, हळद, सगळं झालं. डाग हलेनात. मग शेजारच्या वहिनींनी एक ट्यूब सुचवली. महिन्याभरात चेहरा उजळला! बंद केली की पहिल्यापेक्षा काळा, म्हणून ती बंदच झाली नाही. बँकेतून येताना मेडिकलमधून ट्यूब मीच आणायचो, कित्येक वर्षं. चिठ्ठी कोणी मागितली नाही. सही नसलेलं व्हाउचर परत पाठवणारा माणूस मी, पण ट्यूबवरची बारीक अक्षरं कधी वाचली नाहीत.

गेल्या वैशाखात नातवाची मुंज झाली. फोटो आले, त्यात ही कुठेच नाही. सूनबाई म्हणाली, "बाबा, फोटो निघायला लागले की आई दर वेळी उठून जातात." मला हे इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

सूनबाईनेच त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं, पीलिंग करायचं म्हणून. डॉक्टरबाईंनी आधी ट्यूब पाहिली. "काकू, यात स्टेरॉइड आहे. कातडी पातळ झालीय. आत्ता पील लावला तर भाजेल."

तेव्हा आधी ट्यूब सोडवणं. ते महिने वाईट गेले. चेहरा लालबुंद, गॅसपाशी उभं राहवेना. पोळ्या मी शिकलो (नकाशे म्हणा हवं तर).

दिवाळीच्या सुमारास पील सुरू झाला. ग्लायकोलिक ॲसिड, उसातही असतं म्हणे. पहिल्यांदा कानामागे लावून पाहिलं. मग कमी ताकदीचं, ब्रशने, घड्याळ लावून काही मिनिटं, की लगेच निष्क्रिय करून धुवायचं. मुंग्या चावल्यासारखं होतं, पुढे तीन-चार दिवस पापुद्रे सुटतात. तीन-तीन आठवड्यांनी सहा सिटिंग. दुसऱ्यालाच मी विचारलं, "किती टक्के गेलं?" डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, वरचा मेलेला थर निघतो, त्याबरोबर उथळ डाग फिके होतात. खोलवरचा रंग राहतो. उन्हात सनस्क्रीनशिवाय गेलं की पुन्हा येतो. आणि आपल्या सावळ्या कातडीला जोरदार ॲसिड लावलं तर भाजल्याचाच नवा काळा डाग पडतो, म्हणून हे पार्लरमध्ये करायचं काम नाही.

यंदा रंगपंचमीची गेर आम्ही टीव्हीवर पाहिली. ऊन नको, रंग नको.

डाग फिके झालेत, गेले नाहीत. गालांवर लाल बारीक शिरा दिसतात, त्या ट्यूबच्या. त्यांवर पीलचा उपयोग नाही.

परवा सूनबाईने ओट्यापाशी फोटो काढला. ही उठून गेली नाही, फक्त पदर नीट केला. हे लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाली, "लिहा. पण ट्यूब कोण आणायचं, तेही लिहा."

लिहिलं.